बालाघाटाच्या कडेवरून : जुन्या वायरलेस संचांतून रिपीटर

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्याचा नकाशा समोर पसरला की रिपीटरची गरज आणि त्याची जागा दोन्ही एकदमच दिसतात. उत्तरेच्या शिवेवरून गोदावरी जाते. सिंदफणा नदी माजलगाव शहराला लागून असलेल्या धरणातून पुढे निघते आणि मंजरथला गोदावरीला मिळते. या दोन नद्यांच्या काठची गंगथडी सपाट, काळ्या मातीची आणि उसाची. दक्षिणेला मात्र तेलगाव मागे टाकून धारूरचा घाट चढू लागलो की जमीन झपाट्याने उचलते आणि बालाघाटाच्या पठाराची कड लागते. ही कड खालच्या गंगथडीपेक्षा दोन-तीनशे मीटरने उंच आहे.

हातातल्या वॉकीटॉकीची अँटेना जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते. मीटरमध्ये मोजलेल्या उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. हवेत लहरी किंचित वाकतात, तो हिशेब या आकड्यात आधीच धरलेला आहे. दीड मीटरला क्षितिज येते पाच किलोमीटर. दोघांची क्षितिजे जोडली तर दहा, पण मध्ये उभा ऊस, बाभळी आणि सिमेंटची घरे असली की प्रत्यक्षात तीन-चारच उरतात. आता हाच हिशेब अडीचशे मीटर उंचीला लावा. क्षितिज पासष्ट किलोमीटरवर जाते आणि हातातल्या संचाचे पाच मिळवले की सत्तर. म्हणजे कडेवर योग्य जागी एक मध्यस्थ संच बसवला, तर पुरुषोत्तमपुरीच्या घाटावरचा माणूस माजलगावच्या तहसीलजवळच्या माणसाशी आणि तिथून परळीकडच्या तिसऱ्याशी पाच वॅटच्या साध्या हातसंचावर बोलू शकतो.

हा मध्यस्थ म्हणजे रिपीटर. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी तोच आवाज दुसऱ्या वारंवारतेवर जास्त ताकदीने पुन्हा पाठवतो. भारतात परवानाधारक हौशी रेडिओचालकांना १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळालेला आहे. त्यात रिपीटरच्या ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या वारंवारतांमध्ये ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवण्याची रीत आहे. एवढ्या दोन वाक्यांत मावणारे हे यंत्र बांधायला घेतले की भौतिकशास्त्र, धातुकाम, हवामान, भूगोल आणि कायदा असे पाच विषय एकमेकांत गुंतलेले सापडतात. म्हणूनच त्याला स्वतंत्र विद्याशाखा मानून शिकावे, असे मला वाटते.

हे पुस्तक कोणासाठी आहे, ते आधीच सांगतो. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र झालेला विद्यार्थी, आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्सचा मुलगा किंवा मुलगी, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसणारा कारागीर, एकेकाळी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा आणि आता मोबाइल दुरुस्तीकडे वळलेला मेकॅनिक, शाळेतले विज्ञानाचे शिक्षक, आणि परवाना काढून एकट्यानेच मोठ्या शहरांतल्या मंडळींचे बोलणे ऐकत बसलेला हौशी रेडिओचालक. सोल्डरिंग येत असेल आणि मल्टिमीटर वापरता येत असेल तर सुरुवातीला एवढे पुरे आहे. लॉगॅरिदम विसरला असाल तरी चालेल. डेसिबलच्या प्रकरणात तो पहिल्यापासून येतो आणि पुढे इतक्या वेळा वापरावा लागतो की आपोआप अंगवळणी पडतो.

नव्या वाचकाचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो : बाजारात नवे हातसंच स्वस्तात मिळत असताना भंगारातले जुने संच कशाला? मला या पुस्तकात मुख्यतः जे सांगायचे आहे, ते या प्रश्नाच्या उत्तरातच आहे. जुना संच स्वस्त असतो हे खरे, पण रिपीटरच्या कामाला तो जास्त लायकही असतो. पोलीस, वनखाते, टॅक्सीसेवा आणि मोठे कारखाने यांच्यासाठी पूर्वी जे व्हीएचएफ संच बनत, त्यांच्या रिसीव्हरच्या तोंडाशी हेलिकल रेझोनेटर असत, म्हणजे धातूच्या लहान कप्प्यांत बसवलेली वेटोळी. नको त्या लहरी ती दारातच अडवत. आजच्या स्वस्त हातसंचात जवळजवळ सगळा रिसीव्हर एका चिपमध्ये असतो आणि त्याचे दार सताड उघडे असते. रस्त्यावर एकट्याने वापरायला तो उत्तम. पण त्याच्या शेजारी चोवीस तास दहा वॅटचा ट्रान्समीटर चालू ठेवला की तो बहिरा होतो. ट्रान्समीटरचीही तीच गोष्ट. स्फटिकावर चालणाऱ्या जुन्या ट्रान्समीटरची लहर स्वच्छ असते आणि तिच्या आजूबाजूला खरखर कमी पसरते. पुढे येणाऱ्या अडचणीत हा गुण फार मोलाचा ठरतो.

या विद्येचा इतिहासही टाकून दिलेल्या साहित्याचाच आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात व्यावसायिक वायरलेसच्या वाहिन्या अरुंद करण्यात आल्या. टॅक्सी कंपन्यांचे आणि पोलिसांचे रुंद वाहिनीचे एफएम संच एकाएकी निरुपयोगी झाले आणि पडत्या भावाने हौशी मंडळींच्या हाती आले. तिथल्या डोंगरमाथ्यांवर पुढच्या दशकात जे शेकडो रिपीटर उभे राहिले, ते याच संचांच्या जोरावर. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे रिसीव्हर मुंबईच्या जुन्या बाजारात आले आणि हौशी रेडिओचालकांची एक पिढी त्यांच्यावर शिकली. त्याआधीची गोष्ट आणखी धाडसाची आहे. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने हौशी परवाने रद्द केले. तरीही १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र बोलू लागले. त्याचा ट्रान्समीटर उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओतज्ज्ञाचा हात होता. ते प्रक्षेपण केंद्र होते, रिपीटर नव्हे. पण हाताशी असलेल्या सुट्या भागांतून काम करणारे यंत्र उभे करण्याची परंपरा आपल्या मातीत किती जुनी आहे, हे त्यातून कळते. वीसएक वर्षांपूर्वी हैदराबादच्या अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा ट्रान्ससीव्हर तयार केला. महागडी फेराइटची कडी मिळत नाहीत म्हणून त्यांनी त्याची वेटोळी नळाच्या प्लॅस्टिकच्या वायसरवर गुंडाळली, आणि तो आराखडा जगभरच्या हौशी लोकांनी बांधला. वायसरवर गुंडाळलेल्या वेटोळ्याचे इंडक्टन्स मोजून घेतले म्हणूनच ते चालले. स्वस्तातले काम जास्त मोजमाप मागते, आणि या पुस्तकातल्या प्रत्येक प्रकरणात हे पुन्हा दिसेल.

आता गाभ्याकडे वळू. रिपीटरची एकच खरी अडचण आहे आणि बाकीची सारी प्रकरणे तिच्याभोवती फिरतात. एकाच जागी, एकाच वेळी ऐकायचे आणि बोलायचे आहे. गंगथडीतल्या हातसंचाकडून कडेवर पोहोचणारा क्षीण संदेश एका वॅटचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केल्यावर त्यातल्या एका भागाएवढा असू शकतो. त्याच डबीत शेजारचा ट्रान्समीटर दहा वॅट बाहेर फेकत असतो. दोहोंत १६० डेसिबलचा फरक. मिरवणुकीत ढोलांच्या मधोमध उभे राहून पलीकडच्या गल्लीतली कुजबुज टिपण्यासारखे हे काम आहे.

यात एकमेकांत मिसळलेले दोन वेगळे आजार आहेत आणि ते वेगळे ओळखणे ही विद्यार्थ्याची पहिली पायरी. पहिला आजार असा, की ट्रान्समीटरची मुख्य लहर इतकी जोरकस असते की रिसीव्हरचे पहिले टप्पेच दबून जातात. यावर उपाय रिसीव्हरच्या वाटेत करायचा : तिथे बोलण्याची वारंवारता गाळणारा फिल्टर बसवायचा. दुसरा आजार असा, की कोणताही ट्रान्समीटर आपल्या मुख्य लहरीच्या दोन्ही बाजूंना थोडी खरखर पसरवतो आणि तिचा काही अंश नेमका ऐकण्याच्या वारंवारतेवर पडतो. रिसीव्हरच्या दृष्टीने ही खरखर आणि दूरचा आवाज एकाच जागी येतात, त्यामुळे रिसीव्हरच्या बाजूचा कितीही चांगला फिल्टर ती वेगळी करू शकत नाही. ती ट्रान्समीटरच्या वाटेतच मारावी लागते. पहिल्यांदाच रिपीटर बांधणारे पुष्कळ लोक सारा खर्च रिसीव्हरच्या बाजूला करतात आणि नंतर रिपीटर बहिरा का, म्हणून डोके धरून बसतात. ६०० किलोहर्ट्झच्या अंतरावर दोन्ही वाटांना मिळून साधारण ८५ डेसिबलच्या आसपास अलगपणा लागतो, हा आकडा लक्षात ठेवावा.

हा अलगपणा मिळवण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे अंतर, आणि त्याचे भव्य उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९२७ मध्ये इंग्लंडशी थेट बोलणारी लघुलहरींची बीम वायरलेस सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र खडकीला होते आणि ग्रहण केंद्र दौंडला. मध्ये सुमारे पाऊणशे किलोमीटर. पुण्याच्या रेल्वेने दौंड ओलांडून जाणाऱ्या बीड-नगरच्या किती लोकांना हे ठाऊक असेल? खडकीच्या ट्रान्समीटरने दौंडच्या रिसीव्हरचे कान बधिर करू नयेत म्हणून त्या काळच्या अभियंत्यांनी दोन्ही केंद्रांमध्ये एवढे अंतर राखले होते.

आपल्याला एवढे अंतर लागत नाही. १४५ मेगाहर्ट्झला एक लहर सुमारे दोन मीटर सात सेंटिमीटर लांब असते. दोन अँटेना जमिनीवर आडव्या अंतराने ठेवून ८५ डेसिबल मिळवायचे तर त्या जवळजवळ तीन किलोमीटर दूर न्याव्या लागतात. त्याच अँटेना एकाच उभ्या रेषेत, एकीच्या बरोबर खाली दुसरी अशा बसवल्या तर पंचावन्न मीटर पुरतात. कारण उभ्या अँटेनेच्या डोक्यावर आणि पायाखाली तिचा प्रभाव अगदी कमी असतो. पंचावन्न मीटरचा मनोरा आपल्याकडे नाही, हे मान्य. पण दहा मीटर उभे अंतर बहुतेक पाण्याच्या टाकीवर किंवा साध्या लोखंडी मनोऱ्यावर सहज मिळते आणि तेवढ्याने ५५ डेसिबल पदरात पडतात. उरलेल्या तीस डेसिबलचे काम प्रत्येक वाटेत एक चांगली कॅव्हिटी करू शकते. पैशांची बचत इथेच होते. एका अँटेनेवर दोन्ही कामे करणारा सहा कॅव्हिटींचा तयार डुप्लेक्सर घेतला तर सगळ्या रिपीटरच्या खर्चातला सर्वांत मोठा भाग त्यातच जातो. अंतर मोजून, हिशेब करून दोन अँटेना वापरल्या तर दोन कॅव्हिटींत भागते. धारूर-तेलगावच्या बाजूला कडेच्या एका सोंडेवर ट्रान्समीटर आणि मध्ये डोंगराचा उभार असलेल्या दुसऱ्या सोंडेवर रिसीव्हर, अशी मांडणी केली तर कॅव्हिटीशिवायही काम होऊ शकते. फक्त दोघांना जोडणारी एक लहान यूएचएफ दुवा-जोडी लागते.

कॅव्हिटी म्हणजे धातूचे बंद नळकांडे आणि त्याच्या मधोमध, एका टोकाला जोडलेला लहरीच्या पाव भागाएवढा दांडा. १४५ मेगाहर्ट्झला तो सुमारे ५२ सेंटिमीटर येतो. नळकांडे जितके रुंद, तितकी कॅव्हिटी तीक्ष्ण. माझ्या मते दहा सेंटिमीटरपेक्षा कमी व्यास घेऊ नये, आणि मिळाल्यास पंधरा घ्यावा. तांब्याचा किंवा जाड ॲल्युमिनियमचा नळ भंगारात मिळतो. झाकण, सांधे आणि दांडा बसवण्याचे काम तांबटाच्या हाताला दिले तर फार सुबक होते. त्याच्या सांध्याचा विद्युत रोध कमी भरतो, कारण तो सांधा पाण्याला गळू नये म्हणून जोडतो आणि पाण्याला न गळणारा सांधा रेडिओच्या प्रवाहालाही अखंड असतो.

पण मराठवाड्यात खरी परीक्षा उन्हाळ्याची. धातू तापला की लांबतो आणि दांडा लांबला की कॅव्हिटीची वारंवारता खाली घसरते. ॲल्युमिनियम एका अंशाला दहा लाखांत २३ भाग लांबते. जानेवारीची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पत्र्याच्या खोलीत तीस अंशांचा फरक सहज पडतो, खरे तर जास्तच. तीस अंश धरले तरी १४५ मेगाहर्ट्झला शंभर किलोहर्ट्झची घसरण होते, आणि आपले सारे अंतरच ६०० किलोहर्ट्झचे आहे. हिवाळ्यात नेमकी जुळवलेली खाच, म्हणजे कॅव्हिटी जी वारंवारता अडवते ती जागा, मे महिन्यात रिकाम्या जागी जाऊन बसते आणि रिपीटर मुका-बहिरा होतो. दांडा तांब्याचा घेतला तर घसरण पाऊणशे किलोहर्ट्झवर येते, पोलादाचा घेऊन वर तांब्याचा मुलामा दिला तर पन्नासवर. इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू वापरला तर ती पाचएक किलोहर्ट्झपुरतीच उरते. इन्व्हारच्या दांड्याला पैसे लागतात, पण संपूर्ण रिपीटरमध्ये एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर मी याच दांड्यावर करीन. दुसरा उपाय आपल्या घरांतच आहे. माळवदाच्या घराच्या जाड मातीच्या भिंती आणि छत दिवसरात्रीतला तापमानाचा फरक फार कमी करतात. रिपीटरची खोली पत्र्याची न करता दगडमातीच्या जाड भिंतींची आणि माळवदी छताची केली तर रोजची घसरण जवळपास थांबते आणि ऋतूंची तेवढी उरते. ती वर्षातून दोनदा जुळवणी करून काढता येते.

या जुळवणीसाठी पूर्वी लाखो रुपयांची उपकरणे लागत. २०१९ च्या सुमारास नॅनोव्हीएनए नावाचे खिशात मावणारे उपकरण सर्वांच्या आवाक्यात आले आणि हौशी कामाचे स्वरूपच पालटले. त्याची एक मर्यादा मात्र पाठ करून ठेवावी : ते साधारण सत्तर डेसिबलपर्यंतच विश्वासाने खोल पाहू शकते. म्हणून साखळीत जोडलेल्या सगळ्या कॅव्हिटी एकदम मोजू नयेत. एकेक सुटी मोजावी, तिची तीस डेसिबलची खाच नीट बसवावी आणि मगच जोडावी. जोडणाऱ्या केबलची लांबीही पाव लहरीच्या हिशेबाने कापायची असते आणि तो हिशेब केबलच्या वेगगुणकाने बदलतो. याची कोष्टके पुस्तकात आहेत, पण कापण्याआधी प्रत्येक केबल स्वतः मोजल्याशिवाय त्या कोष्टकांवर विसंबू नये.

फीडरच्या बाबतीत एकच उदाहरण पुरेल. तीस मीटर पातळ आरजी-५८ केबल वापरली तर सुमारे साडेपाच डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे दहा वॅटपैकी तीनसुद्धा अँटेनेपर्यंत पोहोचत नाहीत. मोबाइल मनोऱ्यांच्या भंगारात मिळणारी अर्ध्या इंचाची नालीदार केबल घेतली तर आठ वॅटच्या वर पोहोचतात. ट्रान्समीटर मोठा करण्यापेक्षा केबल बदलणे स्वस्त पडते, आणि त्याने ऐकणेही तेवढेच सुधारते. ताकद वाढवण्याचा मोह मात्र प्रत्येकाला होतो. गाडीसाठी बनवलेले पंचवीस वॅटचे संच थोडा वेळ बोलण्यासाठी असतात. रिपीटरवर ते सतत बोलतात आणि जळतात. त्यांना दहा वॅटवर, मोठ्या उष्णतावाहकावर आणि पंख्याखाली ठेवावे. गंगथडीसाठी दहा वॅट भरपूर आहेत, कारण खालचा हातसंच पाचच वॅटचा आहे. तो जिथून ऐकू येत नाही तिथपर्यंत रिपीटरचा आवाज नुसता पोहोचवून उपयोग नाही.

विजेचा हिशेब सरळ आहे. रिपीटर नुसता ऐकताना अर्धा अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला बारा अँपिअर-तास. दिवसातून दोन तास बोलला तर चार अँपिअरने आणखी आठ. एकूण वीस. पावसाळ्यातले तीन अंधारे दिवस धरले तर साठ, आणि बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करायची नाही म्हटले तर एकशेवीस. घराघरांत इन्व्हर्टरला असते ती दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी आणि दीडशे-दोनशे वॅटचे सौर पॅनेल एवढ्यात भागते. फक्त पॅनेलचा चार्जर नीट निवडा. स्वस्त चार्जर आणि सौरपंपांचे इन्व्हर्टर रेडिओवर अशी खरखर सोडतात की वर केलेले सारे कष्ट वाया जातात. जागा पक्की करण्याआधी टीव्हीच्या यूएसबी डाँगलवर चालणारा एसडीआर रिसीव्हर घेऊन तिथे दिवसा आणि रात्री तासभर ऐकून यावे. बालाघाटावर आता पवनचक्क्या आणि मोबाइलचे मनोरे बरेच झाले आहेत. उंच जागा सर्वांनाच हवी असते, पण ती शांत आहे की नाही, हे जाऊन ऐकल्याशिवाय कळत नाही.

अर्थिंगचे प्रकरण मी मुद्दाम लांबवले आहे. मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसात आपल्याकडे किती वीज कोसळते आणि दर वर्षी ती किती जीव घेते, हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. गंगथडीची काळी माती ओल धरते, त्यामुळे तिथे एक दांडा ठोकला की चांगले अर्थिंग मिळते, जरी उन्हाळ्यात तिला भेगा पडल्या की संपर्क सुटतो. कडेवर मात्र हातभर मातीखाली काळा पाषाण लागतो, आणि ज्या डोंगराने आपल्याला उंची दिली तिथेच वीज जमिनीत मुरवणे सर्वांत अवघड असते. तिथे खोल दांड्यांपेक्षा तांब्याच्या किंवा जस्तलेपित पट्ट्या चारही दिशांना लांब पसरून पुराव्यात, त्यांच्याभोवती बेंटोनाइट भरावे आणि मनोरा, केबलचे कवच, बॅटरी आणि संच यांचे अर्थिंग एकाच बिंदूला आणावे. या बाबतीत काटकसर करू नये.

नियंत्रकावर मी फार लिहिलेले नाही. रिसीव्हरला संदेश मिळाल्याचा संकेत आला की ट्रान्समीटर चालू करायचा, बोलणे थांबल्यावर दोन-तीन सेकंद तो चालू ठेवायचा, कोणाचे बटण दाबलेले राहिले तर तीन मिनिटांनी बंद करायचा, आणि ठरावीक वेळाने मोर्समध्ये स्वतःची ओळख सांगायची. एक रिले, दोन बीसी ५४७ ट्रान्झिस्टर आणि एक ५५५ आयसी यांत यातले बरेच काम होते. आर्डुइनो येत असेल तर आणखी सोपे. एकच गोष्ट आवर्जून सांगतो : टोन स्क्वेल्च, म्हणजे ठरलेला सूर असेल तरच संदेश आत घेणारी सोय, बसवाच. दिवाळीच्या सुमारास थंड रात्री हवेचे थर जुळून येतात, तेव्हा शेकडो किलोमीटरवरचे संदेश पोहोचतात, आणि टोन नसेल तर रिपीटर परक्यांच्या बोलण्याने रात्रभर जागा राहतो.

कायदा शेवटी ठेवला असला तरी कामाची सुरुवात त्याच्यापासून करायची आहे. हौशी सेवेचे नियम १९७८ चे आहेत. परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन शाखेची परीक्षा द्यावी लागते. प्रतिबंधित श्रेणीसाठी आता मोर्स लागत नाही आणि शाळकरी मुलेही ही परीक्षा देऊ शकतात. रिपीटरच्या जागेसाठी आणि वारंवारतेसाठी स्वतंत्र परवानगी लागते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यामुळे १८८५ आणि १९३३ च्या जुन्या कायद्यांची चौकट बदलत आहे, त्यामुळे अर्ज करण्याआधी चालू नियम वाचावेत. जुना संच कागदपत्रांशिवाय घेऊ नये आणि बाळगू नये. त्याच्या स्मृतीत आधीच्या मालकाच्या वारंवारता राहिलेल्या असतात, त्या सर्वांत आधी पुसाव्यात. काही संचांसाठी डॉसवर चालणारा जुना संगणकच शोधावा लागतो, तोही शोधावा. हौशी पट्ट्यावर व्यवहाराचे बोलणे चालत नाही. कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरला वाट दाखवणे किंवा आडतीचा भाव कळवणे यासाठी हा रिपीटर नाही, आणि ही मर्यादा मला योग्य वाटते.

मग तो कशासाठी? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारीला जमीन हादरली. माजलगावपासून ते सव्वाशे किलोमीटरवर. सुमारे दहा हजार माणसे गेली. टेलिफोन कोलमडलेल्या त्या भागात हौशी रेडिओचालकांनी येऊन संपर्काचे काम केले, पण ते बाहेरून आले होते. आपल्या गावात, आपल्या डोंगरावर आधीच चालू असलेले आणि रोज वापरलेले यंत्र असते तर पहिले काही तास वेगळे गेले असते. २००६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गोदावरीला मोठे पूर आले, तेव्हा काठच्या गावांचे रस्ते तुटले. मोबाइलचे मनोरे वीज आणि फायबर यांच्यावर चालतात, आणि पुरात दोन्ही आधी जातात. पैठणचा उजवा कालवा जायकवाडीचे पाणी माजलगावच्या धरणापर्यंत आणतो. त्यामुळे वरच्या पाण्याची बातमी इथे नेहमीच महत्त्वाची असते. सरकारी यंत्रणेची जागा हा रिपीटर घेणार नाही. तिच्या शेजारी उभा राहील, आणि त्यावर बोलणारे लोक एकमेकांचा आवाज ओळखत असतील. सरावासाठी पुरुषोत्तमपुरीची अधिक मासातली यात्रा उत्तम आहे : गर्दी, नदीकाठ आणि भाराखाली दबलेले मोबाइलचे जाळे, तीनही एकाच जागी.

एवढे सगळे वाचून एकदम डोंगर चढू नका. पहिल्या प्रकरणात आपण घराच्या गच्चीवर दोन पट्ट्यांचा लहान रिपीटर बांधतो : १४५ मेगाहर्ट्झवर ऐकायचे आणि ४३५ वर बोलायचे. दोन वारंवारतांत एवढे अंतर असले की कॅव्हिटीशिवाय भागते. यासाठी लागणारे साहित्य असे : एक जुना व्हीएचएफ गाडीसंच, एक यूएचएफ संच, बारा व्होल्टची बॅटरी, चाचणीच्या वेळी अँटेनेऐवजी जोडायचा पन्नास ओहमचा डमी लोड, एसडब्ल्यूआर मीटर, आणि बरोबर परवाना असलेला एक माणूस. डमी लोड विकत घेऊ नका. तो बनवण्यापासूनच प्रकरण सुरू होते.